ऑरियस गोळा करायचाय? आधी हे बघा

ऑरियस म्हणजे प्राचीन रोमचं सोन्याचं नाणं. पण सोन्याला लगेच हात घालू नका. ऑरियसवरच्या बऱ्याच देवता त्याच काळातल्या चांदीच्या दिनारियस नाण्यांवरही दिसतात. नजर तिथे तयार करा, खिसाही वाचेल.

चेहऱ्यावरून देव ओळखू नका, हातातलं बघा:

- वज्र, राजदंड: ज्युपिटर (देवांचा राजा)
- सुकाणू, समृद्धीचं शिंग: फोर्तुना (नशिबाची देवी)
- शिरस्त्राण, भाला, ढाल: मिनर्व्हा (बुद्धीची देवी). पण युद्धदेव मार्सही असाच सजतो, म्हणून वेशही तपासा. इथे सगळेच फसतात!

कडेची अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका. पुष्कळदा देवतेचं नावच तिथे असतं.

वजन कराच. रोमन सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास ऑरियस 7.3 ग्रॅमच्या आसपास आणला; त्याआधीचे जड असतात. आणि नाणं घासून चमकवायचं नाही, कधीच.

सम्राट कॉन्स्टंटाइनचा सॉलिडस, म्हणजे ऑरियसनंतरचं सोन्याचं नाणं, पुढे कधीतरी बघू.