बोटं सरळ होत नाहीत, मुंग्याही नाहीत, मग नस दबलीय का?

प्रश्न: ताई, मी इलेक्ट्रिशियन आहे, वय 44. दोन महिने कोपराच्या खाली दुखत होतं, टेनिस एल्बो म्हणून पट्टा दिला, तो रोज घट्ट बांधून काम केलं. आता महिना झाला बोटं आणि अंगठा सरळ होत नाहीत, मनगट उचललं की अंगठ्याकडे वळतं. बधीरपणा अजिबात नाही, म्हणून घरचे म्हणतात नसेचं काही नसणार.

उत्तर: दादा, बधीरपणा नाही म्हणून नस ठीक आहे असं धरून चालू नका, इथेच बरेच जण फसतात. मनगट आणि बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंना हुकूम देणारी जी रेडियल नस, तिला कोपरापाशी दोन फाटे फुटतात, एक स्पर्शाचा, आणि दुसरा सुपिनेटर नावाच्या स्नायूत शिरतो, तिथे त्या स्नायूची कड कमानीसारखी असते आणि उजव्या हाताने स्क्रू पिळताना हाच स्नायू राबतो. हा फाटा दबला की बोटं सरळ होत नाहीत, लोंबतात, पण कातडीला सगळं कळतं. मनगट वळतं हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अंगठ्याकडून मनगट उचलणाऱ्या स्नायूला नस त्या कमानीच्या आधीच मिळते, म्हणून तो शाबूत राहतो. पट्टा आजच काढा, तो नेमका त्याच जागी दाबतो.

आता हाताच्या सर्जनला किंवा न्यूरोलॉजिस्टला दाखवा, ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नस आणि स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी टेस्ट, करून घ्या (ती पहिल्या तीन आठवड्यांत नीट सांगत नाही, तुमचा महिना झालाय म्हणजे आता उपयोगाची) आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय पण, कारण कधी कधी आत चरबीची गाठ असते, ती असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

गाठ नसेल तर स्प्लिंट (हाताला आधार देणारी कडक पट्टी), पिळायचं काम बंद, आणि दुसऱ्या हाताने बोटं रोज सरळ करत राहायचं, नाहीतर नस बरी होईल आणि सांधे आखडलेले असतील, हे मी फार वेळा पाहिलंय आणि दरवेळी जीव तुटतो. नसेचं नुसतं वरचं आवरण दबलं असेल तर काही आठवड्यांत सुधारतं, आतले धागे तुटले असतील तर नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे दबलेल्या जागेपासून स्नायूपर्यंतच्या 10-12 सेंटीमीटरला तीन-चार महिने धराच. पण तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर ऑपरेशनचं विचारा, टाळू नका, कारण वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुन्हा दाद देत नाही, मग दुसऱ्या स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) वळवून लावावा लागतो.

अंगठा बहुतेक सगळ्यात शेवटी येतो, तेव्हा आधी बोटं हलली आणि तो नाही तर घाबरू नका.