न्यू जर्सीत अरुंद भूखंडावर खोली वाढवताना बाजूची मोकळी जागा नियमापेक्षा कमी पडत असेल, तर परवानगी मिळते का?

होय, मिळू शकते. त्यासाठी आपल्या गावाच्या झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटकडे, म्हणजे जमीनवापराच्या (झोनिंगच्या) नियमांतून सूट देणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, व्हेरियन्सचा, म्हणजे अशा सवलतीचा, अर्ज करावा लागतो. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या कायद्यानुसार, भूखंडाची असाधारण अरुंदता, आकार, उतार किंवा त्यावरील कायदेशीर जुने बांधकाम यांमुळे नियम तंतोतंत पाळणे विशेष अडचणीचे ठरते, हे अर्जदाराने सिद्ध करायचे असते. कुटुंब वाढले, आईवडील राहायला आले, ही कारणे मनापासूनची असली तरी कायद्याच्या दृष्टीने अडचण जमिनीची असावी लागते, माणसांची नव्हे; अनेक अर्ज नेमके इथेच दुबळे पडतात. म्हणून मोजणीचा नकाशा आणि शेजारच्या घरांची प्रत्यक्ष अंतरे दाखवणारी छायाचित्रे अवश्य जोडावीत. शिवाय सवलतीमुळे सार्वजनिक हिताला मोठी बाधा येणार नाही आणि गावाच्या झोनिंग आराखड्याला धक्का लागणार नाही, हेही पटवून द्यावे लागते. आपल्या भूखंडापासून 200 फुटांच्या आतील सर्व मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस दिली पाहिजे. ती सदोष असल्यास बोर्डाला प्रकरण ऐकताच येत नाही. शेजाऱ्यांना नोटिशीपूर्वीच नकाशा दाखवणे मला सौजन्याचे आणि शहाणपणाचेही वाटते.

मात्र हे सारे अंतराच्या सवलतीपुरते आहे. एका कुटुंबाच्या घराचे दोन कुटुंबांचे घर करायचे असून त्या भागात तसा वापर मान्य नसेल, तर कसोटी बरीच कडक असते आणि बोर्डाची किमान 5 अनुकूल मते लागतात. अशा वेळी वकिलाचा सल्ला घ्यावा.