खुर्ची आधी, रायफल नंतर
वाचकांचे प्रश्न : पॅरा नेमबाजी

या वेळच्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा आहे, ‘कोणती रायफल घेऊ?’ तो प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधी बाकीचं वाचा, म्हणजे त्याचं उत्तर पटेल.

प्रश्न : माझा भाचा १९ वर्षांचा आहे. अपघातानंतर छातीच्या खाली ताकद नाही. हात उत्तम आहेत. आधाराशिवाय बसतो, पण दोन्ही हात पुढे केले की तोल जातो. तो कोणत्या गटात बसेल? आणि जो उभाच राहू शकत नाही, त्याला ‘स्टँडिंग’ प्रकारात कसं घेतात? (सातारा)

उत्तर : रायफलीचं वजन स्वतःच्या हातांवर पेलता येत असेल तर गट एसएच १. हातांत तेवढी ताकद किंवा हालचाल नसेल आणि रायफल स्टँडवर टेकवावी लागत असेल तर एसएच २. भाच्याचे हात चांगले आहेत, म्हणजे तो एसएच १ कडे जाईल असं दिसतं. पुढचा प्रश्न धडाचा. धडावर ताबा किती, त्यावरून ए, बी, सी असे उपगट पडतात आणि त्यावर खुर्चीला पाठ असावी की नसावी, असली तर किती उंच, हे ठरतं. हात पुढे केल्यावर तोल जातो म्हणजे पाठ मिळण्याची शक्यता आहे, पण निर्णय वर्गीकरण समितीचा. समिती आधी शरीर तपासते, मग खुर्चीत बसवून रायफल धरायला लावते आणि गरज वाटली तर सामन्यातही पाहते.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली म्हणजे यूडीआयडी कार्डावरच्या (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरच्या) टक्केवारीवरून गट ठरत नाही. समितीला निदानाचे कागद लागतात : एमआरआयचा अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, मणक्याच्या कोणत्या पातळीवर इजा आहे ते. नुसतं प्रमाणपत्र घेऊन गेलेला खेळाडू हात हलवत परत येतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. घरी उंच पाठीच्या खुर्चीत वर्षभर सराव करायचा आणि वर्गीकरणात कमी उंचीची पाठ मिळाली की सगळी बैठक मोडायची. म्हणून सुरुवात शक्य तितक्या कमी पाठीवर करा. पुढे जास्त उंची मंजूर झाली तर ती चढवायला वेळ लागत नाही. शरीर खुर्चीला बांधण्याचा पट्टाही आपल्या मनाने लावू नका, त्याला मंजुरी लागते.

आता ‘स्टँडिंग’. व्हीलचेअरवरच्या खेळाडूसाठी हा शब्द बैठकीचा नाही, आधाराचा आहे. स्टँडिंग म्हणजे कोपरांखाली टेबल नाही. प्रोन म्हणजे दोन्ही कोपरं टेबलावर. ५० मीटर थ्री पोझिशनमधल्या नीलिंगमध्ये एक कोपर टेबलावर. भारताच्या अवनी लेखरा हिने टोकियो आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफल स्टँडिंगचं सुवर्ण जिंकलं ते बसूनच. पॅरिसच्या अंतिम फेरीत २४ शॉट्समध्ये २४९.७, म्हणजे सरासरी १०.४. या लक्ष्यावर एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात आणि केंद्रापासून दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. १०.४ म्हणजे पेलेटचा (छर्र्‍याचा) मध्य केंद्रापासून दीड मिलिमीटरच्या आत. धडावर पूर्ण ताबा नसताना कोपरांना टेकू न घेता हे साधायचं असतं. टोकियोत पुरुषांच्या याच प्रकारात कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर चौथे आले होते.

प्रश्न : व्हीलचेअरवर बसून एअर रायफल मारतो. रायफल चांगली आहे, कोचही समाधानी आहेत, पण माझे शॉट्स आडवे पसरतात. वर-खाली फारसे जात नाहीत. ट्रिगर चुकतोय का? (नाशिक)

उत्तर : ट्रिगरवर संशय घेण्याआधी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० शॉट्स मारा. ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) गोल आणि घट्ट आला तर रायफल आणि पेलेट निर्दोष आहेत. मग दोष तुमच्या खाली आहे.

हिशेब बघा. रायफलीवरच्या मागच्या आणि पुढच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर सुमारे ८० सेंटिमीटर. नेम धरल्यावर पुढची साइट ०.२ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर तोच फरक अडीच मिलिमीटर होतो, म्हणजे पुरा एक गुण. ०.२ मिलिमीटर म्हणजे दोन कागदांची जाडी. खुर्चीचा कोणताही भाग तेवढा सहज हलतो.

या क्रमाने तपासा. टायर हवेचे असतील तर पहिले तेच. हवेचा टायर वजनाखाली दबतो आणि श्वासागणिक डोलतो. भरीव टायर लावा किंवा सरावाला बिनचाकी खुर्ची वापरा. ब्रेक लावून कुणाला तरी खुर्चीचं हँडल हलकेच डावी-उजवीकडे ढकलायला सांगा. ब्रेकच्या पट्टीत खेळ असेल तर लगेच कळेल. मग कुशन. हवेच्या कप्प्यांचं कुशन त्वचेसाठी उत्तम, पण एका बाजूचं हाड खोल बसलं की कंबर तिरकी होते आणि शॉट्स आडवे पसरतात. अशा कुशनमध्ये हवा किती भरायची ते एकदा ठरवा आणि प्रत्येक सरावाआधी तितकीच ठेवा. शेवटी हात ठेवायचे दांडे. जॅकेटची खालची कड दांड्याला किंवा चाकाला घासत असेल तर प्रत्येक श्वासाला ती रायफल बाजूला ओढते. दांडे काढून टाका.

एवढं झालं की डोळ्यांची परीक्षा. नेम धरा, डोळे मिटा, तीन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट काळ्या गोलाच्या उजवीकडे गेलेली दिसली तर रायफल हाताने डावीकडे ओढू नका. ओढलेला स्नायू ट्रिगर दाबताना सुटतो आणि शॉट परत उजवीकडेच जातो. पूर्ण खुर्ची फिरवा, चाक बोटभरही नको, नखभर. पुन्हा डोळे मिटा. साइट आपोआप मध्यात येईपर्यंत हेच करत राहा. बैठक जमली की चाकांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. सामन्यात नव्याने जागा शोधण्यात साइटरचा (सुरुवातीच्या चाचणी शॉट्सचा) निम्मा वेळ जातो, तो वाचेल.

प्रश्न : पाठीच्या कण्याची इजा आहे. सामन्यात अर्ध्या वेळेनंतर गरगरतं, पाय आखडतात आणि गुण घसरतात. (सोलापूर)

उत्तर : तीन कारणं एकत्र येतात आणि तिन्ही टाळता येतात.

इजेच्या खाली घाम येत नाही आणि वर जाड कॅनव्हासचं जॅकेट. शरीर थंड होणार कसं? दर १५ शॉट्सनी रायफल खाली ठेवा, जॅकेटची बटणं उघडा, मानेवर ओला टॉवेल ठेवा. वेळ पुरतो. ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात; शॉटला ५० सेकंद धरले तरी २५ मिनिटं हातात राहतात.

दुसरं, लघवीची अडचण नको म्हणून बरेच जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो आणि संसर्ग झाला की पाय जास्त आखडतात. कॅथेटरची (लघवी काढायच्या नळीची) वेळ सामन्याच्या वेळेशी जुळवा, पाणी तोडू नका.

तिसरं, एकाच जागी दीड तास बसल्याने बेडसोअरचा धोका. त्याच विश्रांतीत पुढे वाकून, मग दोन्ही बाजूंना झुकून मिनिट-दोन मिनिटं बुडावरचा भार काढा. संवेदना नसल्याने दुखत नाही, म्हणून रोज रात्री आरशात त्वचा बघा. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर तो जाईपर्यंत सराव बंद. एक जखम पूर्ण हंगाम खाते.

प्रश्न : वडील ५१ वर्षांचे, पोलिओग्रस्त, पिस्तूल खेळतात. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. स्पर्धेत चालेल का? (अकोला)

उत्तर : गोळीच्या पाकिटावर मूळ औषधाचं नाव वाचा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधं हाताचा थरथराट आणि हृदयाचे ठोके कमी करतात, म्हणून नेमबाजीत ती स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, एरवीही बंद आहेत. काचबिंदूसाठी घालतात ते टिमोलॉलचे थेंबही याच यादीत येतात. डोळ्यांच्या औषधाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन चालतं. पण टेल्मिसार्टनच्या पुढे ‘एच’ अक्षर असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. ते लघवी वाढवणारं औषध, सगळ्याच खेळांत प्रतिबंधित. त्या एका अक्षरावरून खेळाडूवर बंदी येऊ शकते. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका, बीटा ब्लॉकर एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. डॉक्टरांना खेळाचं नाव सांगून औषध बदलून घ्या आणि नवी चिठ्ठी जपून ठेवा.

प्रश्न : एसएच २ मध्ये रायफल स्टँडवर असते. मग त्यात कौशल्य ते काय? (पुणे)

उत्तर : स्टँडला स्प्रिंग असते. रायफल त्यावर तोलून राहते, घट्ट बसत नाही. खांदा आणि गाल जरा हलले की नळीही हलते. मदतनीस पेलेट भरून देऊ शकतो, सल्ला देऊ शकत नाही. आणि गुणांची पातळीच इतकी वर आहे की पहिल्या आठांत यायला सरासरी साडेदहाच्या आसपास लागते. तिथे एखादा ९.९ भरून काढणं फार जड जातं. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा रेंजवर जाऊन एसएच २ ची फेरी पूर्ण बघावी.

प्रश्न : मुलाचा डावा हात कोपराखाली नाही. (लातूर) मुलीला ऐकू येत नाही. (पणजी)

उत्तर : मुलाने पिस्तुलापासून सुरुवात करावी. ते एकाच हाताने मारायचं असतं आणि ज्या हाताने मारत नाही त्यात दोष असलेल्यांना एसएच १ पिस्तुलात जागा आहे. टोकियोत ५० मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकणारे मनीष नरवाल यांच्या उजव्या हातात दोष आहे, ते डाव्या हाताने मारतात. मुलीचा मार्ग पॅरालिम्पिकचा नाही, डेफलिम्पिक्सचा आहे. तिथे नेमबाजी आहे आणि भारताच्या धनुष श्रीकांतने ब्राझीलमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण आणलं. स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढावं लागतं, तेव्हा सरावही त्याच्याशिवाय करा.

प्रश्न : अखेर, कोणती रायफल घेऊ? (अनेक वाचक)

उत्तर : पहिले सहा महिने कोणतीच नाही. पुण्यातल्या बालेवाडी रेंजची किंवा जवळच्या क्लबची रायफल वापरा आणि पैसे खुर्ची, कुशन आणि मापाच्या जॅकेटवर घाला. बैठक पक्की झाल्याशिवाय बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी आणि चीकपीसची (गाल टेकवायच्या भागाची) उंची ठरत नाही. आधी घेतलेली महागडी रायफल मग अंगाला जुळवत बसावी लागते.

०.१७७ बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला भारतात शस्त्र परवाना लागत नाही, ०.२२ ला लागतो. जुनी रायफल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाबापर्यंत भरलेला तसा सिलिंडर मांडीशेजारी ठेवणं धोक्याचंही आहे. विकणारा तारखेवर स्टिकर लावून देत असेल तर ती रायफल घेऊ नका.