'डकोटा'चा डाकेशी काय संबंध?

वणीकडच्या एका वाचकाने विचारलंय: खिळखिळ्या एसटीला गावात 'डकोटा' म्हणतात. गुरुजी सांगतात, नागपूरला डाक आणणारं विमान म्हणून 'डाकोटा'. खरं काय आणि लिहायचं कसं?

गुरुजींची व्युत्पत्ती साफ चूक. डाकेची गोष्ट खरी आहे. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत जात. त्यांत डकोटा होतीच. पण नाव त्याआधीचं, दुसऱ्या महायुद्धातलं.

मुळात हे प्रवासी विमान. डग्लस कंपनीचं डीसी-३, पहिलं उड्डाण १९३५. युद्धात त्याची फरशी भक्कम केली, डाव्या कुशीत मागे मालासाठी रुंद दार काढलं आणि लष्करी सी-४७ तयार झालं. अमेरिकनांनी त्याला 'स्कायट्रेन' म्हटलं, ब्रिटिश हवाई दलाने 'डकोटा'.

काही जाणकार सांगतात, ही 'डग्लस एअरक्राफ्ट कंपनी ट्रान्सपोर्ट एअरक्राफ्ट'ची आद्याक्षरं. मला हे अजिबात मान्य नाही. ब्रिटिशांनी अमेरिकन विमानांना बोस्टन, बाल्टिमोर, मेरीलँड अशी तिकडच्याच गावा-प्रांतांची नावं दिली. डकोटा त्याच पंगतीतलं. आद्याक्षरं मागाहून जुळवलेली. आणि त्या प्रांताचं नाव आलं तिथल्या डकोटा या मूळ रहिवाशांवरून. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ मित्र, सोबती! किती सुंदर!

म्हणूनच खटाऱ्याला डकोटा म्हटलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली बटालियन याच विमानांतून श्रीनगरला उतरली. पुढच्याच वर्षी हवाई दलाच्या मेहर सिंगांनी हेच विमान लेहला उतरवलं, तेही साडेदहा हजार फुटांवर. अन् आपण पत्रे निखळलेल्या गाडीला ते नाव देतो!

एसटीला ते चिकटलं कसं? सगळे म्हणतात खडखडाटामुळे. माझं मत वेगळं. डकोटाला शेपटीखाली छोटं चाक असतं, त्यामुळे उभं असताना त्याची शेपूट खाली, नाक वर. बाजाराच्या दिवशी मागच्या बाकांवर तुरीची पोती, गाठोडी लादलेली आपली एसटी बघा. मागून बसलेली, तोंड आभाळाकडे. सोनेगावला ती विमानं पाहिलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार? आवाज तर ट्रॅक्टरचाही होतो, त्याला कोणी डकोटा म्हणत नाही.

हो, लिहायचं 'डकोटा'. 'डाकोटा' नको.