कॅसेटमधली बुरशी, सरकणारा आवाज आणि कापलेल्या जाहिराती : वाचकांचे प्रश्न

टीव्हीवरचे कार्यक्रम घरच्या संगणकावर उतरवणे, बदलणे आणि कापणे याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वडिलांनी १९९०च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवरून टेप केलेल्या बारा व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडल्या. खिडकीतून पाहिले तर फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. व्हीसीआर चालू आहे. लावून बघू का? (मालवण)

उत्तर : अजिबात लावू नका. ते ठिपके बहुधा बुरशीचे आहेत. बुरशीने फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि व्हीसीआरने ओढले की फीत फाटते. शिवाय बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढे लावलेली चांगली कॅसेटही बाधते.

आधी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. बुरशी सुकली की तिची भुकटी होते. मग कॅसेट उलटी करा. तळाशी मधोमध छोटे भोक असते, त्यात बोथट पेन्सिल घातली की चकत्यांचे ब्रेक सुटतात. आता चकती बोटाने हळूहळू फिरवून पाहा. फीत अडखळत, चिकट पट्टी सुटावी तशी निघत असेल तर तिथेच थांबा आणि ती कॅसेट जाणकाराकडे द्या. सहज सुटत असेल तर फीत फक्त गुंडाळणाऱ्या सुट्या रिवाइंडरवर पुढे-मागे फिरवून तंतू न सुटणाऱ्या मऊ कोरड्या कापडाने पुसा. तोंडाला मास्क हवा आणि हे काम गॅलरीत करा. ती धूळ श्वासातून जाणे चांगले नाही.

पुसलेली कॅसेट लावल्यावर दर वेळी हेड साफ करा. शॅमॉय चामड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून हेड बसवलेल्या गोल ड्रमला टेकवा, तुकडा स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. चामडे वर-खाली घासले तर हेडचे टोक तुटते. कानातल्या कापसाच्या काड्या तर नकोच. त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात.

प्रश्न : यूएसबी कॅप्चर उपकरणाने कॅसेट लॅपटॉपवर घेतली. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण तासाच्या शेवटी आवाज दोन सेकंद मागे पडतो. दुसऱ्या कॅसेटमध्ये तर मध्येच अचानक सुटतो. (सातारा)

उत्तर : हे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. फाइल सुरुवातीला, २०व्या, ४०व्या आणि ६०व्या मिनिटाला तपासा. फरक सारखा वाढत गेला (साधारण ०.७, १.३, २ सेकंद) तर दोष घड्याळांचा. चित्र यूएसबी उपकरणातून आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेतला की दोघांची घड्याळे वेगळी होतात. त्यामुळे चित्राच्या पिवळ्या पिनेसोबत आवाजाची पांढरी आणि लाल पिनही उपकरणालाच जोडा आणि आवाज ४८,००० हर्ट्झवर घ्या. आधीच घेतलेल्या फाइलसाठी आवाज ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, 'चेंज टेम्पो'मध्ये लांबी ३६०२ सेकंदांवरून ३६०० करा आणि मग तो चित्राला पुन्हा जोडा. एवढा बदल कानाला जाणवत नाही.

आवाज टप्प्याटप्प्याने, उडी मारून सुटत असेल तर फ्रेम (चित्रफितीतली एकेक चित्रे) गळत आहेत. जुन्या फितीचा सिग्नल थरथरतो आणि जिथे रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केले होते तिथे तर तो क्षणभर तुटतोच. स्वस्त उपकरण ती फ्रेम टाकून देते, आवाज मात्र चालू राहतो. हे नंतर दुरुस्त करणे फार किचकट, म्हणून उतरवतानाच काळजी घ्या. उपकरण हबला न लावता थेट पोर्टला लावा. फाइल पेन ड्राइव्हवर नको, आतल्या एसएसडीवर लिहा. वाय-फाय आणि अँटिव्हायरसची तपासणी तेवढ्यापुरती बंद ठेवा. व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये उतरवत असाल तर गळलेल्या फ्रेमचा आकडा समोरच दिसतो. पहिल्या पाच मिनिटांत तो वाढू लागला तर कॅसेट मागे घेऊन पुन्हा सुरुवात करा. फीतच खराब असेल तर व्हीसीआर आणि उपकरण यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे थरथरणारा सिग्नल स्थिर करणारे यंत्र, लागतो. तो महाग आणि दुर्मीळ. जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता आरपार नेला तरी काही मॉडेलमध्ये चित्र बरेच स्थिरावते.

उतरवताना लगेच एमपी४ करू नका. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ फ्रेम. कसलेही आकुंचन न करता ते तासाला सुमारे ७५ जीबी होते, हफवायूव्हीसारख्या लॉसलेस (दर्जा न घालवता फाइल लहान करणाऱ्या) कोडेकने ३० जीबीच्या आसपास. एवढी जागा खरेच द्या. फीत दुसऱ्यांदा नीट चालेल याची खात्री नसते, पण या फाइलीतून एमपी४ कितीदाही काढता येते.

प्रश्न : डीडी फ्री डिशच्या बॉक्समधून पेन ड्राइव्हवर केलेल्या रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात. जाहिराती कापल्या की जोडाजवळ चित्राचे चौकोन होतात. दर्जा न घालवता कसे कापावे? (नाशिक)

उत्तर : तुकडे पडतात ते पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्यामुळे. त्यावर एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. प्रक्षेपण सेकंदाला ३ मेगाबिटचे धरले तर तासाला सुमारे १.३५ जीबी, म्हणजे तीन तासांनी तुकडा पडणारच. बॉक्सने लिहिलेल्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीम फाइलीचे तुकडे लॉसलेसकट या प्रोग्रॅममध्ये क्रमाने टाकून 'मर्ज' केले की अखंड जुळतात.

आता चौकोनांचे. प्रक्षेपणात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. पूर्ण चित्र फक्त की-फ्रेममध्ये, एमपीईजी-२ या प्रक्षेपणाच्या पद्धतीत साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा. मधल्या फ्रेममध्ये नुसते बदल असतात. जाहिरातीनंतरचा भाग अधल्यामधल्या फ्रेमपासून सुरू केला तर ज्या चित्रात बदल करायचे तेच हाताशी नसते, आणि पडद्यावर चौकोन येतात.

अ‍ॅव्हिडेमक्स या कापण्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी'वरच राहू द्या. वर-खाली बाणांच्या कळांनी की-फ्रेमवरून की-फ्रेमवर जाता येते. जाहिरातीच्या सुरुवातीला 'ए' खूण करा, कार्यक्रम पुन्हा सुरू होतो त्या की-फ्रेमवर 'बी' खूण करा आणि 'डिलीट' दाबा. 'बी'ची जागा महत्त्वाची, कारण पुढचा भाग तिथून सुरू होतो. नेमक्या जागी की-फ्रेम नसेल तर थोडी आधीची घ्या. जाहिरातीचा अर्धा सेकंद राहिला तरी चालेल, वाक्याचा पहिला शब्द जाता कामा नये. शेवटी एमकेव्हीमध्ये साठवा. चित्र पुन्हा एन्कोड (नव्याने आकुंचित) होत नसल्याने तासाभराचा कार्यक्रम एक-दोन मिनिटांत तयार होतो.

प्रश्न : पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्समधली हार्ड डिस्क संगणकाला लावली, तर विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणते. (सोलापूर)

उत्तर : 'नाही' म्हणा, नाहीतर सगळे पुसले जाईल. ते रेकॉर्डिंग कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. ते बॉक्सवरच पाहता येईल.

प्रश्न : घरी रेकॉर्ड केलेले जुने कार्यक्रम यूट्यूबवर टाकले तर चालतील का? (पुणे)

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७च्या ३९व्या कलमाप्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. जगासाठी खुले करणे हा खासगी वापर नव्हे. हक्कधारकाची परवानगी घ्या.

प्रश्न : कॅसेटवरून एमपी४ केले की हात हलवणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. (बेळगाव)

उत्तर : पालमध्ये सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन अर्धचित्रांमधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो, म्हणून दोन्ही एकत्र दाखवली की दात दिसतात. हँडब्रेक या एमपी४ करण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'डीइंटरलेस'ला (अर्धचित्रे सुटी करण्याच्या पर्यायाला) 'बॉब' निवडा आणि फ्रेमदर ५० ठेवा. २५ ठेवलात तर अर्धी हालचाल वाया जाते, आणि क्रिकेट किंवा नृत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते लगेच डोळ्याला खुपते. दर्जाचा आकडा 'आरएफ' १८ ते २० ठेवा, तो जितका लहान तितका दर्जा चांगला. चित्राच्या तळाशी थरथरणाऱ्या आठ-दहा ओळी छाटा. त्या व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातानाच्या आहेत, बिघाडाच्या नव्हेत. ४:३ चे गुणोत्तर कायम ठेवा, नाहीतर चेहरे पसरट दिसतील. आणि १०८० ओळींपर्यंत चित्र ताणू नका. नुसती फाइल फुगते.

हे सगळे करूनही चालणारा माणूस पुढे-मागे झटके खात असेल तर अर्धचित्रांचा क्रम उलटा धरला गेला आहे. कॅप्चर उपकरणांत बहुधा वरची ओळ आधी असते, डीव्ही कॅमेऱ्याच्या पाल टेपमध्ये खालची. आधी दहा सेकंदांचाच तुकडा दोन्ही क्रमांनी काढून पाहा. जो गुळगुळीत चालेल तो ठेवा आणि मग पूर्ण कॅसेट एन्कोडला लावा.