गावाच्या इतिहास मंडळाचे कार्यक्रम कसे ठरवावेत?

तालुक्याच्या गावी दरमहा व्याख्यान ठेवूनही तेच ते निवृत्त श्रोते येतात, तरुण आणि स्त्रिया फिरकत नाहीत, मग मंडळ चालवायचे कसे, असे आपण विचारले आहे. आपण दिलेली विषयांची यादी वाचली. पानिपत, आग्र्याहून सुटका, मराठ्यांचे आरमार हे विषय उत्तमच आहेत. पण त्यांत आपले गाव कुठेही नाही. या विषयांवरील नामवंतांची व्याख्याने आता यूट्यूबवर घरबसल्या ऐकता येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वाचनालयाच्या सभागृहापर्यंत येण्याचे कारण श्रोत्याला उरत नाही.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे आणि तिच्या धर्तीवर गावोगाव व्याख्यानमाला चालतात. इतिहास मंडळापुढे मात्र दुसरा नमुना असावा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांत सभासद आपल्याला नव्याने सापडलेले कागद मांडीत, त्यांवर चर्चा होई आणि टिपणे पुढे छापली जात. म्हणजे संशोधनाचाच एक भाग सभेत घडे. आपल्या कार्यक्रमांतही, गावाबद्दल काल ठाऊक नसलेली एखादी गोष्ट त्या दिवशी पुढे यावी, एवढी एकच अट ठेवावी असे माझे मत आहे.

सुरुवात मोडी वाचनाच्या दिवसाने करा. घरात ट्रंकेच्या तळाशी किंवा फडक्यात बांधून ठेवलेले जुने कागद घेऊन यावे, मोडी जाणणारे वाचून दाखवतील, एवढेच आवाहन पुरते. सनद निघेल या आशेने माणसे येतात आणि बहुतेकांचे कर्जरोखे, खरेदीखते, लग्नखर्चाच्या याद्याच निघतात. इतिहासाच्या दृष्टीने त्याच अधिक बोलक्या असतात. ‘सलास’ (तीन), ‘अर्बा’ (चार), ‘खमस’ (पाच) अशा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला शुहूर सन, म्हणजे मराठेकालीन कागदांतली वर्षगणना, दिसला, की त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन कसा काढायचा, हे फळ्यावर मांडून दाखवा; शाळेतली मुले हे गणित चटकन उचलतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. मूळ कागद मंडळाने ठेवून घेऊ नये, अगदी एका रात्रीसाठीही नाही. मालकासमोर छायाचित्र घ्यावे, ते कोणाला दाखवता येईल याची लेखी संमती घ्यावी आणि कागद त्याच क्षणी परत द्यावा. भाऊबंदकीचे दावे चालू असलेल्या घरांना आपला कागद कोणाच्या हाती पडेल याची धास्ती असते, आणि ती अनाठायी नसते.

दुसरा विषय १९७२ चा दुष्काळ. तो पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत, पण फार वर्षे असणार नाहीत, म्हणून हा कार्यक्रम पुढे ढकलू नका. आमच्याकडे तो झाला तेव्हा अध्यक्षांनी ‘दुष्काळाविषयी आपले अनुभव सांगा’ असे औपचारिक आवाहन केले आणि सभागृह गप्प राहिले. मग एका शिक्षिकेने विचारले, ‘मिलोची भाकरी पोरं खायची का हो?’ त्यानंतर मागच्या रांगेतल्या स्त्रियांना थांबवणे कठीण झाले. मिलो म्हणजे तेव्हा मिळणारी परदेशी लाल ज्वारी, सुकडी हा वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ, दुष्काळी कामाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव चढवताना मुकादमाची करावी लागणारी मनधरणी, तान्ही मुले कामावर कोणाजवळ ठेवली जात, असे सगळे निघाले. खडी फोडताना बोटांना चिंधी कशी बांधत, हे एका आजींनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळून दाखवले. रोजगार हमीच्या सरकारी इतिहासात योजनेची आणि कायद्याची माहिती मिळते, हे बोट मिळत नाही. त्यामुळे प्रश्न लहान, घरगुती आणि नेमके असावेत, आणि ते विचारायला शक्यतो एखादी बाई असावी.

वारसा फेरी जरूर काढा, परंतु ती वाडा, वेस आणि देऊळ एवढ्यावर संपवू नका. कुंभारवाडा, तांबोळी आळी, मशीद, भीमनगर हेही गावच आहे, आणि तिथली माहिती तिथल्याच रहिवाशाने सांगावी. मंडळाच्या चिटणीसाने नव्हे.

काही विषय व्यासपीठावर थेट घेऊ नयेत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेली जाळपोळ, पाणवठ्यावरची बंदी, कुळकायद्यात गेलेल्या आणि मिळालेल्या जमिनी यांच्या आठवणी दोन्ही बाजूंच्या घरांत जिवंत आहेत. त्या टाळाव्यात असे मी म्हणणार नाही, कारण त्या वगळल्या तर उरतो तो केवळ गौरव. परंतु आधी घरी जाऊन एकेकाचे ध्वनिमुद्रण करावे, सांगणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे नाव राखावे किंवा गाळावे, आणि पुरेशा बाजू जमल्यावरच, कागदांचा आधार जोडून, त्या सभेत मांडाव्यात. निवडणुकीच्या हंगामात तर मुळीच नको.

प्रत्येक कार्यक्रमानंतर तारीख, सांगणाऱ्याचे नाव आणि वय, ठिकाण, विषय असे एका पानाचे टिपण त्याच आठवड्यात लिहा. ध्वनिफितीची एक प्रत मंडळाकडे, एक सार्वजनिक वाचनालयात आणि एक सांगणाऱ्याच्या घरी द्या. ही तिसरी प्रत टाळू नका. ती ऐकून त्याच घरातले दुसरे कोणीतरी पुढच्या सभेला येते, असा आमचा अनुभव आहे.