दुगुनीत (दुप्पट वेगात) गेलं की तबल्याची लय चढते, ती कशी आवरावी?

तुम्ही लिहिलंय की मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) चालू असताना कायदा (विस्तार करत वाजवायची बोलांची रचना) नीट जमतो, बंद केला की लय चढते. म्हणजे आतापर्यंत लय मेट्रोनोमच सांभाळतोय.

आधी ती किती आणि कुठे चढते ते मोजा. मेट्रोनोम 60 वर (मिनिटाला 60 ठोके) लावून लय अंगात घ्या, बंद करा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून 16 मात्रांच्या तीनतालाचा नुसता ठेका (तालाचे मूळ बोल) दहा आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) वाजवा. 160 मात्रा झाल्या, तेव्हा पहिल्या समेपासून (आवर्तनाची पहिली मात्रा) दहा आवर्तनांनंतरच्या समेपर्यंत 160 सेकंद भरायला हवेत. 150 च भरले, तर लय सरासरी 64 झाली. मग एकेक आवर्तन तपासा. आवर्तनाचे 16 सेकंद कुठे आखडले ते कळेल.

ठेक्यात ते बहुधा खालीच्या (टाळी न देता हात उघडून दाखवायची मात्रा, तीनतालात नववी) आसपास आखडतात. दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत, 'तिं तिं ता । ता' या जागी, डग्ग्याची (डाव्या हाताचा, खर्जातला तबला) आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, नसते. 'धिं'चा घुमारा मात्रा भरून ठेवतो. तो गेला की जागा रिकामी वाटते आणि हात पुढे सरकतो. इथे मोठ्याने पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा, हाताने टाळी-खाली दाखवा आणि 'तिं' म्हणताना मात्रेचे चार भाग मनात मोजा. तबल्याला हात लावण्यापूर्वी रोज पाच मिनिटं एवढंच करा. पढंत पळत असेल तर हातही पळणारच.

कायद्यात दोष बहुतेकदा तिरकिटात सापडतो. 'धाधा तिरकिट धाधा तूना' दुगुनीत घेतलं की तिरकिटचे चार आघात एका मात्रेत बसतात, 60 च्या लयीत प्रत्येकाला पाव सेकंद. खांदा वर चढला, श्वास रोखला की बोटं ते उरकून टाकतात आणि पुढचा 'धा' लवकर पडतो. एवढ्या चारच मात्रा 50 वर घोळवा, अगदी हळू आवाजात. मग एक आवर्तन ठेका, एक आवर्तन दुगुन, असं आलटून पालटून. ठेक्यावर परतताना लय पहिलीच आहे का, तेवढंच ऐका.

मेट्रोनोम सोडू नका, त्याचे ठोके कमी करा. लय 80 ठेवून तो 40 वर लावा: दर दुसऱ्या मात्रेला ठोका. आठवडाभराने 20 वर: चार मात्रांच्या विभागाला एकच. पुढे लय 60 आणि मेट्रोनोमही 60, पण ठोका अर्ध्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. हे अवघड आहे, सुरुवातीला ठोका पुन्हा पुन्हा मात्रेवर येऊन बसेल. पायाने ताल धरून मात्र तपासू नका. हात पळाला की पायही त्याच्यामागे जातो.

साथीला बसल्यावर लय चढल्याचं लक्षात आलं, तर एकदम मागे खेचू नका, गाणारा अडखळतो. भरणा (ठेक्यात भरलेले जादा बोल) कमी करून साधा ठेका धरा आणि दोन-तीन आवर्तनांत ती हळूहळू उतरू द्या.